झोक्यावरचे पाय

निंबाची बहीण आखाजीला माहेरी येत नव्हती, आणि त्याला कारण झाले होते सिनेमातले दोन पाय.

हे ऐकून मुलं नेहमी हसतात. हसू दे. पण निंबाला हसू येत नव्हतं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. ज्या घरची लेक आली नाही त्या घराकडे गाव बघतं, आणि काही न विचारता बरंच विचारतं. निंबा आणि मी शेजारी. दर आखाजीला तो ओट्यावर पाय सोडून बसायचा आणि इतरांच्या बहिणी एस.टी.तून उतरताना पाहायचा.

मी तेव्हा एरंडोल तालुक्यातल्या धानोरखेडे गावी शाळेत मास्तर होतो. या गोष्टीच्या काही वर्षं आधी आमच्या गावात एक सिनेमा कंपनी आली होती. नाल्याकाठचा मोठा कडुनिंब त्यांना पसंत पडला. हिरोईन पुढे एका ठेंगण्या, फुलं बांधलेल्या झोक्यावर बसून गाणं म्हणणार, आणि मागे मोठ्या झोक्यावर गावातली एखादी बाई उभ्यानं उंच झोका घेणार, असा बेत होता. उंच झोका घेणाऱ्या गावात दोघीच. एक निंबाची नवी नवरी प्रमिलाबाई, दुसरी त्याची बहीण भिकुबाई, जिचं लग्न तेव्हा नुकतंच शिरपूरला ठरलेलं होतं. कंपनीनं दोघींचीही पाळी कॅमेऱ्यात घेतली. आधी एकीची, मग दुसरीची. कोणाची ठेवली, कोणाची कापली, ते कंपनी आणि देव जाणे.

साड्यांवरून तरी ओळखता आलं असतं. पण निंबानं बायको आणि बहीण यांच्यात कुरबूर नको म्हणून जळगावहून दोघींना एकाच ठाणातली, एकाच काठाची साडी आणली होती. माणूस शहाणपणा करायला जातो तो असा.

सिनेमा धुळ्याला लागला तेव्हा अख्खं गाव ट्रकमधून गेलं, मीही गेलो. थिएटर नवं, पडदा केवढा तरी रुंद. गाणं सुरू झालं आणि सगळे पुढे सरकून बसले. हिरोईन दिसली, तिची फुलं दिसली, मागे झोका दिसला. झोक्याच्या पाटावर दोन पाय होते. त्यावर साडीचा काठ, गुडघ्यापर्यंत निऱ्या, आणि त्यावर पडदा संपत होता. पाय पुढे आले, मागे गेले, पुन्हा आले. तोंड काही आलं नाही.

"माय वं! मना पाय!" भिकुबाई अंधारात ओरडली.

"तुना कशाना? मना शेतस ते," प्रमिलाबाई तिच्या शेजारूनच म्हणाल्या.

"तुना पाय इतला सरळ कवय व्हतात वं?"

"आनि तुना? बदकना मायक!"

मागून कोणीतरी म्हणालं, "गप्प बसा वं, गानं ऐकू द्या." पण गाणं संपलं तरी त्या गप्प बसल्या नाहीत, आणि परतीच्या ट्रकमध्ये बसल्या त्या दोन टोकांना. पुढे शब्दाला शब्द वाढला. भिकुबाई लग्न होऊन शिरपूरला गेली आणि तिनं जाहीर केलं, जिथे माझे पाय माझे म्हणत नाहीत तिथे मी पाय ठेवणार नाही. दर वर्षी निंबा बोलवायला जायचा. दर वर्षी ती भावाला जेवू घालायची, ओवाळायची, आणि एकट्याला परत पाठवायची.

आता यात माझा संबंध आला तो कोकिळामुळे. कोकिळा चौथीतली मुलगी, अंगानं चिमणी, प्रश्नांनी मोठी. ती मामाकडे जळगावला गेली होती, तिथल्या जत्रेतून तिनं सिनेमाच्या फिल्मचा तुकडा आणला. तेव्हा मुलांना या तुकड्यांचा फार नाद. प्रोजेक्टरमध्ये फिल्म तुटली की ऑपरेटर खराब भाग कापून टाकायचे, ते तुकडे जत्रेत विकायला यायचे. मुलं ते डोळ्याला लावून सूर्याकडे बघत हिंडायची. डोळे जातील म्हणून मी ओरडायचो. पण नुसतं ओरडून मूल थांबत नाही, त्याच्या हातात दुसरं काही द्यावं लागतं.

म्हणून मी बुटाचं खोकं घेतलं. त्याच्या एका बाजूला भिंग बसवलं, दुसऱ्या बाजूला फिल्म अडकवायला फट केली. वर्गाची दारं-खिडक्या बंद केल्या, बाहेर दोन मुलांना आरसा धरून उभं केलं, आणि आरशातलं ऊन फटीतून खोक्यात सोडलं. समोरच्या भिंतीवर रंगीत चित्र उमटलं. राजा, दरबार, सिंहासन, सगळं उलटं.

"गुरुजी, राजा डोक्यावर उभा आहे!"

"भिंग चित्र उलटं करतं. मग आपण काय करायचं?"

"आपणच डोक्यावर उभं राहायचं," एकजण म्हणाला. कोकिळानं मात्र उठून फिल्मचा तुकडा उलटा लावला आणि राजा पायावर आला. मग सगळे शांतपणे बघू लागले, आणि थोड्या वेळानं एक बारीक आवाज आला, "गुरुजी, राजाच्या डोक्यावर फळी आहे. फळीवर माणूस बसलाय."

खरंच होतं. दरबाराच्या भिंती वर जाऊन एकदम संपत होत्या. त्यावर लाकडी फळी होती, आणि फळीवर एक बनियन घातलेला माणूस मोठा दिवा धरून, तोंडात विडी ठेवून, राजाकडे अगदी कंटाळून बघत होता. खाली पाहिलं तर राजाच्या पायात कॅनव्हासचे बूट.

वर्गात जो गोंधळ उडाला तो सांगून कळणार नाही. मुलांना राजाची भीती नव्हती आणि आदरही नव्हता, पण त्या विडीवाल्या माणसावर सगळ्यांचा जीव जडला. त्याचं नाव काय, तो जेवला असेल का, विडी खाली पडली तर राजाचा मुकुट जळेल का. आणि मग कोकिळा म्हणाली, "पण गुरुजी, हा सिनेमा मी मामाबरोबर पाहिला. त्यात हा माणूस नव्हता."

"नीट आठव. बूट?"

"बूट पण नव्हते. राजा घोट्यापर्यंतच दिसत होता."

चांगला प्रश्न आला की उत्तर लगेच देऊ नये, ही माझी जुनी सवय. शिवाय मलाही उत्तर पुरतं माहीत नव्हतं. मी एक पोस्टकार्ड घेतलं, त्यात मधोमध एक आडवं, रुंद भोक कापलं आणि ते फिल्मपुढे धरलं. भिंतीवरचं चित्र वरून आणि खालून झाकलं गेलं. फळी गेली, विडी गेली, बूट गेले. उरला तो रुबाबदार दरबार.

"गायब!" मुलं ओरडली. मी कार्ड काढलं. "आला, आला! विडीवाला आला!"

ऊन सरकून आरसा निकामी होईपर्यंत आम्ही तेच करत होतो. गायब, आला, गायब, आला. गणिताचा तास होता, तो त्या दिवशी झाला नाही.

मुलांना मी समजावलं ते असं. पूर्वी पडदे चौकोनी असत. पुढे रुंद पडद्याची आवड आली. पण कॅमेरा तोच राहिला. तो वरचं-खालचं सगळं टिपतो, आणि थिएटरातल्या मशीनमध्ये आपल्या या कार्डासारखं काहीतरी असणार, ते वरची-खालची कड झाकतं आणि चित्र रुंद दिसतं. सिनेमा करणाऱ्यानं झाकलं म्हणजे फसवलं असं नाही. शिंपीसुद्धा शिवण आतच ठेवतो. पण सदरा उलटा करून शिवण बघायची हौस कोणाला नसते?

हे बोलता बोलता मी थांबलो. माझ्या डोळ्यांपुढे धुळ्याचं थिएटर आलं, आणि गुडघ्यांवर संपणाऱ्या त्या निऱ्या.

गावाबाहेर चैत्रातल्या जत्रेसाठी रुपचंदचा तंबू उभा होता. रुपचंद हा फिरत्या टॉकीजचा मालक, ऑपरेटर, आणि पाऊस आला तर तंबू धरून ठेवणाराही तोच. त्याला विचारलं तेव्हा त्यानं मशीनच्या पोटातून एक पत्र्याची पट्टी काढून दाखवली. मधोमध आडवं, रुंद भोक. अगदी माझं पोस्टकार्ड.

"ही काढून सिनेमा दाखवता येईल?"

"येईल. माझ्याकडे जुन्या सिनेमांची मोठ्या भोकाची पट्टी आहे. पण कशाला, गुरुजी? लोकांना माईक दिसतात, लायटी दिसतात. एकदा भाच्यानं पट्टी चुकीची बसवली. देवाचा सिनेमा होता. स्वर्गात बांबूची शिडी दिसली, वर एक माणूस डबा खात बसलेला. लोकांनी पडद्यापुढे फोडलेले नारळ परत मागितले."

"आपल्या गावचा तो सिनेमा मिळेल?"

"मागवतो. पण आधीच सांगतो, कॅमेऱ्यातच वरचं झाकलं असेल तर पट्टी काढूनही वर काळंच दिसेल."

म्हणजे खात्री नव्हती. तरी मी निंबाला सांगितलं. वाटलं होतं तो उडी मारेल. तो उलट ओट्यावर खालीच बसला.

"गुरुजी, तुम्ही चांगलं करी राह्यनात, पन इचार करा. जर मन्ही बायकोनं तोंड निंघनं ते बहीन कायमनी गयी. आनि बहीननं निंघनं ते मी रातले घर कथा जाऊ?"

उत्तर आतून प्रमिलाबाईंनी दिलं. त्या पीठ मळता मळताच दारात आल्या. "लावा गुरुजी, लावा! बठ्ठं दखाडा गावले. माले काय भ्याव शे? तोंड मनंच दिसी."

आखाजीच्या दोन दिवस आधी मी आणि निंबा एस.टी.नं धुळ्यामार्गे शिरपूरला गेलो. बुटाचं खोकं मी मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरनं दोनदा विचारलं, आत कोंबडी आहे का.

भिकुबाईनं स्वागत नेहमीसारखं केलं. पाणी, चहा, भावाची विचारपूस. येण्याचा विषय निघताच तिनं पदर खोचला. "भाऊ, दर सालले तू येस, दर सालले मी नही सांगस. आते गुरुजीसलेबी तरास दिधा. काय दखाले येऊ मी? पाय?"

मी खोकं उघडलं. अंगणात आरसा धरायला निंबाला उभं केलं. ओसरीच्या आतल्या भिंतीवर राजा आला, आणि राजाच्या वर विडीवाला. मी पोस्टकार्ड धरलं, काढलं, पुन्हा धरलं. पहिल्यांदा बोलल्या त्या भिकुबाईच्या सासूबाई लिलाबाई. त्या आतल्या खोलीतून नातवाला काखेत घेऊन कधी येऊन बसल्या कळलंच नव्हतं.

"म्हणजे गुरुजी, सिनेमात एवढं सगळं असतं आणि आपल्याला देत नाहीत?"

"असतं. झाकतात."

"मग माझ्या सुनेचं तोंडही तिथे असेल?"

"कोणाचंतरी तोंड असेल. कोणाचं ते मी सांगू शकत नाही. कदाचित प्रमिलाबाईंचं निघेल, कदाचित कोणाचंच नाही. हे कबूल असेल तर चला."

मी हे मुद्दामच स्पष्ट सांगितलं. मुलांना आणि मोठ्यांना खोटी आशा दाखवून नेलं तर ती पुन्हा आपल्या मागे येत नाहीत. निंबा अंगणातून आरसा हलवून मला गप्प राहायच्या खुणा करत होता, त्यामुळे राजा भिंतीवर नाचत होता.

भिकुबाईनं त्या नाचणाऱ्या राजाकडे पाहिलं आणि खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "मी येसु. पन उतरसु ते गुरुजीसना घरी. तिना घरमा नही."

लिलाबाई म्हणाल्या, "जा तू. आणि आल्यावर मला सगळं सांग. वरचंही आणि खालचंही."

भिकुबाईला घेऊन गावात परतलो तर नवीच अडचण. रुपचंद म्हणाला, मोठी पट्टी लावली की चित्र वर आणि खाली वाढणार, ते माझ्या पडद्यात मावणार नाही. वरचा भाग तंबूच्या कापडावर जाईल, खालचा पहिल्या रांगेतल्यांच्या पाठीवर. पडद्याला वर एक पट्टा आणि खाली एक पट्टा जोडायला हवा, आणि कापड हवं पांढरं. गावात पांढरं म्हणजे धोतरं. निंबानं आपली दोन धोतरं दिली आणि त्या दिवशी तो पायजम्यावर हिंडला.

शिवायला प्रमिलाबाईच बसल्या. वरचं धोतर त्यांनी तांब्यात निखारे घालून, तो त्यावर फिरवून सरळ केलं, बारीक टाके घातले, एकही सुरकुती ठेवली नाही. "मनं तोंड तठे येवाव शे," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. खालचं धोतर मात्र त्यांनी लांब लांब टाक्यांनी कसंबसं अडकवलं. तिथे काय, मातीच दिसायची.

आखाजीच्या संध्याकाळी फिल्मचे डबे आले. दिवस मावळताच तंबू भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये दोर. प्रमिलाबाई बायकांच्या पहिल्या रांगेत. भिकुबाई माझ्या पत्नीबरोबर मागे. दोघी एकमेकींना दिसत होत्या आणि दिसत नव्हत्याही. निंबा कोणत्याच रांगेत नव्हता, तो मशीनजवळ रुपचंदच्या मागे उभा होता. रुपचंदनं पहिल्या रिळाचं टोक दिव्यापुढे धरलं आणि मला बोलावलं. चौकट वरपासून खालपर्यंत भरलेली होती. काळं कुठेच नव्हतं.

सिनेमा सुरू झाला आणि मुलांनी तंबू डोक्यावर घेतला. कारण आता सगळंच दिसत होतं. वाड्याच्या भिंती वर जाऊन संपत होत्या आणि त्यावर आमच्याच एरंडोलचं मोकळं आभाळ होतं. खलनायक धमकी देत होता आणि त्याच्या डोक्यावर काठीला बांधलेला काळा माईक लोंबत होता.

"वांगं! वांगं!" कोकिळा ओरडली. मग जिथे जिथे माईक दिसे तिथे सगळी मुलं "वांगं!" म्हणत. मोठी माणसं आधी त्यांना दटावत होती, नंतर त्यांच्या आधी ओरडू लागली. हिरोच्या आईच्या मरणाला पलंगाखाली कोणाचीतरी जेवणाची पिशवी दिसली. एरवी त्या जागी बायका डोळे पुसत. त्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "भाकर तरी खाई ले वं माय, मंग मर." रुपचंद कपाळाला हात लावून बसला होता, पण नारळ कोणी मागत नव्हतं. उलट लोकांना वाटत होतं, आज तिकिटात जास्तीचं मिळालं.

मग तो नाला आला. कडुनिंब आला. तंबूत इतकी शांतता झाली की मशीनची खटखट ऐकू येऊ लागली.

हिरोईन फुलांच्या झोक्यावर बसून गाऊ लागली. मागे मोठा झोका हलला. पाट वर आला, पाय आले, निऱ्या आल्या. पडद्याची जुनी कड आली, आणि त्यावरच्या धोतरावर, सुरकुती नसलेल्या त्या पांढऱ्या कापडावर, कंबर आली, दोर घट्ट धरलेले हात आले, आणि तोंड आलं.

भिकुबाई होती.

पण काय भिकुबाई! डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, आणि तोंडावरून स्पष्ट कळत होतं की ती गात नव्हती, बोंबलत होती. झोका मागे गेला. पुढे आला. पुन्हा तेच मिटलेले डोळे, तेच उघडं तोंड, आणि शेजारी वांगं. कंपनीनं आवाज हिरोईनचा घातला होता म्हणून बरं.

तंबू हसून कोसळायचा राहिला. "मन्ही माय, कितली भ्यायेल शे ती!" "सांगत व्हती, गानं म्हनत व्हतू!" भिकुबाई माझ्या पत्नीच्या पदरात तोंड लपवून हसत होती, पण डोळा पडद्यावरच होता. पाय तिचे होते. सगळ्या गावानं पाहिले होते. निंबा मात्र पडद्याकडे बघत नव्हता. तो पहिल्या रांगेकडे बघत होता, जिथे प्रमिलाबाई ताठ बसल्या होत्या.

तेवढ्यात कोकिळा म्हणाली, "गुरुजी, खाली कोण आहे?"

सगळ्यांची नजर वर होती, खाली कोणी पाहिलंच नव्हतं. खालच्या धोतरावर, लांब टाक्यांनी चुरगळलेल्या त्या कापडावर, नाल्याच्या कोरड्या पात्रात एक बाई उभी होती. तिचं डोकं आणि वर पसरलेले दोन हात तेवढे दिसत होते. झोका पुढे गेला की ती पुढे पळत होती, मागे गेला की मागे. तोंड वर, हात वर, जणू झाडावरून फळ पडणार आहे आणि ते जमिनीला लागू द्यायचं नाही. कडेनं कंपनीच्या माणसाचा हात आला आणि तिला बाजूला हो म्हणून खुणावू लागला. तिनं तो हात झटकला आणि पुन्हा झोक्याखाली गेली.

"प्रमिलावहिनी शे ती," कोणीतरी हळूच म्हणालं.

हसणं थांबलं. पडद्यावर गाणं चालूच होतं. हिरोईन मधोमध बसून प्रेमाबद्दल काहीतरी म्हणत होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. वर एक बाई घाबरून ओरडत होती, आणि खाली दुसरी तिला झेलायला पळत होती.

गाणं संपलं. रुपचंदनं न सांगता मशीन थांबवलं आणि दिवा लावला. त्यालाही कळलं असावं की पुढची गोष्ट आता पडद्यावर होणार नाही.

भिकुबाई उठली. बायकांच्या रांगांमधून वाट काढत पहिल्या रांगेपाशी गेली.

"वहिनी, तू खाले काय करत व्हती वं?"

प्रमिलाबाईंनी वर पाहिलं नाही. "काय करसू? तू बोंबली राह्यनी व्हती. माले वाटनं, हाई आते पडी. तुना भाऊनी एकच बहीन."

"हाई तू माले कवय सांगं नही?"

"माले तरी कोठे याद व्हतं? मन्ही पाळी व्हयनी, तुन्ही पाळी व्हयनी. बठ्ठं गिचमिड व्हयनं." मग त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या आवाजात जुनी धार आली. "आनि मन्ही पाळीले तू कोठे व्हती वं? तू उभी व्हती का मना खाले?"

भिकुबाई विचारात पडली. सगळा तंबू उत्तराची वाट बघत होता.

"मी," ती म्हणाली, "हिरोईनना कानमातला झुमका दखत व्हती."

पहिल्या हसल्या त्या प्रमिलाबाईच. मग त्यांना थांबताच येईना. भिकुबाई त्यांच्या शेजारी मातीत बसली, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की त्यात रडणं कुठे सुरू झालं ते कोणाला कळलं नाही. निंबा मशीनजवळून हलला नव्हता. रुपचंदनं त्याला कोपरानं ढोसलं, "भाऊ, श्वास घ्या."

"गुरुजी," भिकुबाई तिथूनच म्हणाली, "ते गानं परत लावा म्हना. आते माले वर नही, खाले दखनं शे."

"माले वर दखनं शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "हिनं तोंड कितलं उघडं शे ते नीट दखाले नही भेटनं."

गाणं परत लागलं. मग आणखी एकदा लागलं. सिनेमाचा पुढचा भाग त्या दिवशी दाखवायचा राहून गेला, आणि हिरोचं काय झालं हे धानोरखेड्यात कोणीही विचारलं नाही.

सकाळी उजाडत होतं तेव्हा आमच्या दारात प्रमिलाबाई उभ्या. हात पिठाचे, कमरेला पदर. चुलीवरच्या खापरावर पुरणाचे मांडे टाकायचं काम अर्ध्यावर सोडून आल्या होत्या.

"गुरुजी, भिकुबाईनी पिशवी द्या. रातले आठेच राही गयी."

माझ्या पत्नीनं पिशवी आणून दिली आणि हसून म्हणाली, "म्हणजे आमची पाहुणी पळवली तुम्ही."

"पाहुनी कशानी? घरनी लेक शे." त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या. "आनि काल दुपारले तिले तुम्ही नुसती कढी-भाकर वाढी ना? आखाजीना दिन? आते माले सांगी राह्यनी ती. घरी चला दोन्हीजन जेवाले. तिना भाऊले सांगेल शे मी, झोका बांध म्हनून. पन ठेंगना बांध."

पलीकडच्या अंगणातून भिकुबाईचा आवाज आला, "ठेंगना नही, उच्चा!"

"उच्चा बांधना ते तू खाले उभी ऱ्हाय मंग!" प्रमिलाबाई ओरडल्या, आणि पिशवी काखेत मारून घराकडे निघाल्या.